मूत्रपिंडातील जन्मजात अडथळा : प्रौढांमधील निदान

भरपूर पाणी किंवा चहा घेतल्यानंतर काही वेळाने बरगडीखाली एका बाजूस तीव्र कळ येते, उलटी होते आणि काही तासांत दुखणे आपोआप थांबते. पित्त किंवा वात समजून अशा दुखण्यावर वर्षानुवर्षे घरगुती उपचार होत राहतात. प्रत्यक्षात काही रुग्णांत हे मूत्रपिंडातील जन्मजात अडथळ्याचे लक्षण असते. पोलंडमधील वैद्य डीट्ल यांनी १८६४ मध्ये अशा कळांचे वर्णन केले; आजही त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

अडथळा कोठे असतो?

मूत्रपिंडात तयार होणारे मूत्र नरसाळ्यासारख्या पोकळीत जमते व मूत्रवाहिनीतून मूत्राशयाकडे उतरते. पोकळी आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्यावरील स्नायूंची रचना काही व्यक्तींत जन्मतःच सदोष असते. काहींत तेथून आडवी जाणारी रक्तवाहिनी सांध्यावर दाब आणते. मूत्र तुंबते, पोकळी फुगते आणि मूत्रपिंडाची कार्यशक्ती हळूहळू घटू शकते. दुसरे मूत्रपिंड निरोगी असल्यास रक्ततपासणीत दोष आढळत नाही. त्यामुळे हानी ध्यानी येण्यास विलंब होतो.

निदानाच्या पायऱ्या

पहिली तपासणी सोनोग्राफीची. तीत किरणोत्सर्ग नसतो व फुगवटा दिसतो. मात्र प्रत्येक फुगवटा म्हणजे अडथळा नव्हे. उलटपक्षी, दुखणे नसताना फुगवटा अल्प दिसू शकतो. म्हणून कळ चालू असताना केलेली तपासणी विशेष उपयुक्त ठरते. सी. टी. स्कॅनमुळे मुतखडा आहे की नाही हे कळते आणि शिरेतून औषध देऊन घेतलेल्या चित्रांत आडवी रक्तवाहिनीही दिसते.

अडथळा खरोखर आहे काय, याचे उत्तर रेनोग्राम देतो. टेक्नेशियमयुक्त किरणोत्सारी द्रव्य अल्प प्रमाणात शिरेतून देतात, लघवी वाढविणारे औषध टोचतात आणि द्रव्य किती वेगाने बाहेर पडते हे कॅमेऱ्याने मोजतात. निम्मे द्रव्य १० मिनिटांच्या आत निघून गेल्यास सामान्यतः अडथळा नसतो. २० मिनिटांहून अधिक वेळ लागल्यास तो असण्याची शक्यता मोठी असते. मधला काळ संशयास्पद मानतात. मूत्रपिंडाचे कार्य फारच मंदावले असल्यास हे आकडे फसवे ठरू शकतात. प्रत्येक मूत्रपिंड एकूण कार्यापैकी किती वाटा उचलते, हेही याच तपासणीतून समजते.

वेळीच तपासणी

प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. वेदना नसतील व कार्यशक्ती टिकून असेल, तर ठरावीक काळाने तपासणी पुरेशी होते. अन्यथा सदोष भाग काढून सांधा पुन्हा जोडतात. ही पद्धत अँडरसन व हाइन्स यांनी १९४९ मध्ये मांडली. मात्र दीर्घकाळ तुंबून गमावलेली कार्यशक्ती बहुधा पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणूनच वारंवार एकाच बाजूस दुखणाऱ्या व्यक्तीस सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात जाण्यास प्रवृत्त करणे, हे गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याकडून होऊ शकणारे मोलाचे साहाय्य ठरेल.