धरण भरण्याची घाई नको

भाजे लेण्यांच्या डोंगराखाली, मळवलीजवळून इंद्रायणी वाहते. तिच्या वरच्या अंगाला लोणावळ्याचे वळवण धरण आहे. त्यातल्या पाण्याला दोन वाटा आहेत. पश्चिमेला ते घाटाखाली सुमारे 500 मीटर उतरून खोपोलीच्या वीजकेंद्रात जाते. 1915पासून मुंबईला ही वीज मिळते. धरण तुडुंब भरले, की जादा पाणी सांडव्यावरून पूर्वेला, मळवली-भाज्याच्या अंगणात येते. वीजनिर्मितीला भरलेले धरण हवे, पूर अडवायला रिकामे. म्हणूनच कोणत्या तारखेला पातळी किती असावी, हे जलाशय परिचालन आराखड्यात आधीच ठरवावे लागते. माझ्या मते जुलैमध्ये तरी पुरासाठी जागा राखून ठेवणेच शहाणपणाचे आहे.

ऐनवेळी जागा करू म्हटले तर ती होत नाही, हे आकडेच सांगतात. खोपोली केंद्राची क्षमता 72 मेगावॉट. एवढ्या उंचीवरून ते पूर्ण ताकदीने चालवायला सेकंदाला साधारण 17 घनमीटर पाणी लागते, म्हणजे दिवसाला जेमतेम 15 लाख घनमीटर. एक टीएमसी म्हणजे 283 लाख घनमीटर. नव्याने थेंबही आला नाही, तरी या वाटेने तेवढी जागा मोकळी व्हायला जवळपास 19 दिवस लागतील. हवामानखात्याचा अतिवृष्टीचा इशारा मात्र चार-पाच दिवस आधीचा असतो. म्हणून तयारी जूनपासूनच हवी. तेव्हा सोडलेले पाणी वायाही जात नाही. दर घनमीटरमागे सव्वा युनिटच्या आसपास वीज देऊन जाते.

पुढे पाऊस दडी मारून बसला तर, ही शंका रास्त आहे. पण घाटमाथ्यावर मोसमात चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि ऑगस्टही भरघोस असतो. त्यामुळे राखलेली जागा टप्प्याटप्प्याने कमी करत सप्टेंबरअखेर धरण भरता येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पश्चिमेला गेलेल्या पाण्याला भीमा खोरे आणि त्यातले उजनी धरण कायमचे मुकते. त्यावर उपाय असा, की दुष्काळी वर्षाचा आराखडा वेगळा असावा आणि त्या वर्षी पूर्वेचा वाटा आधी मोजावा. दोन्ही आराखडे पावसाळ्यापूर्वी मावळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावले गेले पाहिजेत. नदीकाठी राहणाऱ्यांचा तो हक्क आहे.