लाकडी बिजागऱ्यांचें दार

अलास्कांतील जुळ्या सरोवरांच्या कांठीं झोपडी बांधावयास रिचर्ड प्रेनेकी १९६८ सालीं गेले, तेव्हां त्यांनीं पन्नाशी ओलांडली होती. ओझें नको म्हणून कित्येक हत्यारें त्यांनीं दांड्या-मुठींवांचून नेलीं. तीं रानांतल्याच लाकडाचीं घडविलीं. ओंडके ओंडक्यांत बसविले, छपरावर शेवाळ पसरलें. दाराच्या बिजागऱ्या व कडीदेखील लाकडाचीच! (आमच्या घरीं पाट दुरुस्त व्हावयास सुताराकडे चार खेपा होतात.)

सुमारें तीस वर्षें ते तेथें बहुतांशीं एकटेच राहिले. रोजनिशी लिहीत, पशुपक्ष्यांचीं चित्रें टिपीत. ब्याऐंशीव्या वर्षीं मात्र कॅलिफोर्नियांत भावाकडे जावें लागलें. तेथेंच २००३ सालीं ते निवर्तले. झोपडी आतां राष्ट्रीय उद्यानाच्या स्वाधीन आहे. स्वहस्तें घडविलेलें तें दार शेवटचें ओढून घेतांना त्या वृद्ध हातांना काय वाटलें असेल!