दमेकरी मूल आणि वाढते वजन

डिसेंबरातली संध्याकाळ. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टरांसमोरच्या मैदानावर मुलांचे क्रिकेट रंगले आहे. असा एक बारा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा, जो व्हरांड्यात बसून नुसता खेळ पाहतो आहे. आत आई म्हणते, "थंडी पडलीय, धावलास की छाती भरेल." आजी भज्यांची बशी पुढे सरकवते, "खा बाळा, औषधांनी अंगातली ताकद जाते." बाळ खातो. दिवाळीला घेतलेला शर्ट आताच त्याला घट्ट होऊ लागला आहे.

मुलगा कल्पनेतला आहे, पण असे घर आपल्या ओळखीचे नाही असे कोण म्हणेल? १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. नोकरीसाठी विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांची आता नातवंडे वाढत आहेत. आजोबा सायकलवरून पाळीला जात. नातू स्कूटीवर मागे बसून शिकवणीला जातो.

भिलाईत दम्याचे नाव निघाले की बोट धुराड्यांकडे जाते. धूळ आणि धूर दम्याला वाईटच. पण घरातली डासांची अगरबत्ती, कोळशाची सिगडी आणि वडिलांची सिगरेट यांचा हिशेब कोणी मांडत नाही. वजनाचा तर नाहीच.

वजनाचा आणि श्वासाचा संबंध साधा आहे. पोटावर आणि छातीवर चरबी साठली की श्वासपटलाला खाली सरकायला जागा कमी पडते. श्वास उथळ होतो, बारीक श्वासनलिका पुरेशा उघडत नाहीत. शिवाय चरबी नुसती पडून राहत नाही. शरीरात दाह वाढवणारे पदार्थ तीही तयार करते. म्हणूनच लठ्ठ मुलांचा दमा आटोक्यात आणणे अधिक कठीण जाते, आणि काहींना नेहमीच्या औषधाचा गुण कमी येतो.

यात भर पडते ती पंपाच्या भीतीची. "एकदा पंप लागला की सुटत नाही" हे वाक्य ऐकले नाही असा दमेकरी विरळा! मग रोजचा पंप बंद होतो, अटॅक येतो, आणि कुठून तरी आणलेल्या पुड्या किंवा गोळ्या दिल्या जातात. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. पोटातून वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडने भूक वाढते, चेहरा सुजतो, वजन चढते. वजन चढले की दम लागतो, दम लागला की खेळ बंद, आणि पुन्हा पुडी. तीव्र अटॅकमध्ये डॉक्टर काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात ते योग्यच आहे. वाईट आहे ते त्यांच्यावरच वर्ष काढणे.

पंपातले औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून फार थोडे पुरते. नेहमीच्या प्रमाणात त्याने मूल लठ्ठ होत नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे लपवण्याचे कारण नाही. पण अनावर दमाही वाढ खुंटवतो. पंप स्पेसर लावून घ्यावा आणि नंतर चूळ भरावी. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर दिवस काढू नयेत. त्याने नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतात, आतली सूज तशीच राहते.

उलटी चूकही होते. जिना चढताना लागणारा प्रत्येक दम दम्याचा नसतो. सवय मोडलेल्या जड शरीरालाही धाप लागते. तेव्हा अंदाजाने औषध वाढवण्याऐवजी फुंकून करायची श्वासाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी. साधारण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला ती जमते. रात्री घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा छातीत जळजळ असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. लठ्ठ मुलांत हे त्रास अधिक आढळतात आणि दमा बिघडवतात.

मग वजनाचे काय? वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवू नका. बऱ्याच मुलांत वजन आहे तिथे थोपवले तरी पुरते, उंची वाढली की अंग आपोआप सुटसुटीत होते. फार लठ्ठ किंवा वयात आलेल्या मुलांचे वजन आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे. सकाळचे समोसा-जिलेबीचे दोने, थंड पेयांच्या बाटल्या आणि टीव्ही-मोबाइलपुढचे जेवण एवढे सुटले तरी सुरुवात होते. वजन उतरलेल्या मुलांत दमा सुधारल्याचे अभ्यासांत दिसले आहे. मात्र तेवढ्यावर औषध आपल्या मनाने थांबवू नये. आणि "जाड्या" म्हणून चिडवणे घरातूनच बंद व्हावे. चिडवलेले मूल मैदानाकडे फिरकत नाही.

मैदान हवेच! दमा आटोक्यात असेल तर मुलाने पोहावे, धावावे, क्रिकेट खेळावे. आधी दहा मिनिटे अंग गरम करावे. डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळापूर्वी पंप घ्यावा. पण बोलताना वाक्य तुटू लागले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले, तर पंप देत देत तडक रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा पंप आणि स्पेसर पिशवीत टाकून न्या. मुलाला त्यांच्यासमोर औषध घेऊन दाखवायला सांगा. पुष्कळदा चूक तिथेच सापडते.