जुन्या ट्रकला नवा पत्रा : माल स्वस्त, जोडणी महाग

नांदेड/लातूर : सोयाबीन आणि डाळींची पोती लातूरकडे, तर कापूस, हळद आणि केळी नांदेड परिसरातून बाहेर नेण्याचे काम आजही मोठ्या प्रमाणावर जुन्या ट्रकवर अवलंबून आहे. एमएच-२४ आणि एमएच-२६ क्रमांकाच्या यातील अनेक गाड्यांचे इंजिन धडधाकट असते. पण मडगार्ड गंजलेले, पायरी लोंबकळणारी आणि दरवाजा तारेने बांधलेला, अशी त्यांची अवस्था असते. अशा वेळी मालकाचा कल बाजारातील ‘लोकल माला’कडे झुकतो. कंपनीच्या पत्र्यापेक्षा तो बराच स्वस्त मिळतो. मात्र तो गाडीवर बसवताना जो त्रास होतो, त्याचा हिशेब दुकानातील बिलात नसतो.

या पत्र्यांचे भोक भोकाला का जुळत नाही, याचे पहिले कारण साच्यात आहे. वाहन कंपनी पत्रा दाबण्यासाठी अत्यंत महागडे साचे वापरते. दाबलेला पत्रा साच्यातून सुटताच थोडा उसळी घेऊन मागे येतो. ही उसळी हिशेबात धरूनच कंपनी साच्याचे माप ठरवते. नकल करणारा छोटा कारखाना अनेकदा वापरलेल्या पत्र्यावरूनच साचा घेतो. मूळ नमुना आधीच कुठे वाकलेला असेल, तर तो बाकही प्रत्येक नगात उतरतो. त्यातच भोके हाताने पाडली, तर दोन-चार मिलिमीटरची चूक सहज होते.

दुसरे कारण पत्र्याच्या जाडीचे. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेजचा ०.९ मिलिमीटर, तर २२ गेजचा जेमतेम ०.७ मिलिमीटर जाड असतो. गेजचा आकडा वाढला की जाडी घटते, हे अनेक गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही. पातळ पत्रा हाताला हलका लागतो, खडबडीत रस्त्यावर थरथरतो आणि बोल्टभोवती लवकर फाटतो.

तिसरे कारण खुद्द ट्रकचे आहे. आपल्याकडे दीर्घकाळ ट्रक ‘चेसिस’ म्हणूनच विकले जात. इंजिन, चाके आणि दर्शनी भाग कंपनीचा. केबिन आणि हौदा स्थानिक बॉडी बिल्डरकडे लाकूड व पत्र्यात बांधलेला. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या केबिनही तंतोतंत सारख्या नसतात. पुढे अपघात, जादा भार आणि केबिनखालच्या रबरांची झीज यांनी चौकट आणखी तिरकी होते. अशा गाडीवर अचूक पत्रासुद्धा सहज बसत नाही. सदोष पत्र्याची तर गोष्टच नको.

केवळ दिखाव्याचा प्रश्न नाही

हेडलाइट ज्या पत्र्यावर टेकलेला असतो तो हलू लागला, की उजेडाचा झोत रस्त्याऐवजी समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. दरवाजाची फट असमान राहिली, तर कुलूप पूर्ण बसत नाही आणि वळणावर दार उघडण्याचा धोका राहतो. पायरी निसटली, तर क्लीनरचा पाय जायबंदी होतो. खताची पोती वाहणाऱ्या गाड्यांत सांडलेले खत ओल धरते आणि उघड्या पत्र्याला वेगाने गंजवते. म्हणून सर्वच पत्रे एका मापाने मोजू नयेत. मडगार्डसाठी लोकल माल चालून जाईल. दिवा, दरवाजा आणि पायरी ज्यावर अवलंबून आहे तिथे काटकसर नको.

आधी जोडणी, मग रंग

पत्रा बसवण्यापूर्वी केबिनचे रबर बदलून चौकट सरळ करावी आणि डाव्या दरवाजाचे माप उजव्याशी ताडून पाहावे. नंतर रंग न देताच पत्रा लावून सर्व बोल्ट अर्धवट आवळावेत, फटी सारख्या कराव्यात आणि मगच पूर्ण कसावेत. भोक जुळत नसेल तर कानशीने लांबवावे. गॅसच्या ज्योतीने कापल्यास पातळ पत्रा पिळवटतो. दरवाजाची फट बिजागरीखाली पॅकिंग पट्टी घालून सुधारता येते. खड्डा लपवण्यासाठी लांबीचा जाड थर दिला, तर हादऱ्यांनी तो तडकतो आणि त्याखाली पाणी मुरते. आतल्या बाजूला व कडांना प्रायमर देणे बाहेरच्या रंगाइतकेच आवश्यक आहे. हे सारे केले, तर मजुरीचे दिवस वाढतात आणि पत्र्यावर वाचवलेले पैसे तिथेच खर्ची पडतात.

तरीही मालक लोकल मालाकडे वळतो, त्यामागे अर्थकारण आहे. प्रचलित विमा नियमांनुसार दहा वर्षांहून जुन्या वाहनाच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. केवळ तृतीय पक्षाचा सक्तीचा विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी एक रुपयाही मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाल्याने पूर्वी २८ टक्के कर असलेल्या भागांचा भार काहीसा हलका झाला आहे. त्यामुळे जुना भावफरक गृहीत न धरता दोन्ही दर नव्याने विचारणे फायद्याचे ठरेल.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. स्वतःच्या नावाने विकलेला लोकल पत्रा आणि नामांकित कंपनीचे खोटे लेबल लावलेला पत्रा यांत फरक आहे. दुसरा प्रकार गुन्हा ठरतो. मूळ आकाराचाच पत्रा बदलण्यास हरकत नसते. परंतु नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतो. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे हलणारा दिवा आणि न लागणारा दरवाजा फार काळ लपून राहत नाही.

पत्रा घेताना म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात : जाडी मोजून घ्यावी, जुना भाग सोबत नेऊन भोके जुळवावीत आणि जुळला नाही तर परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. दुकानातील ही पाच-दहा मिनिटे गॅरेजमधले दोन दिवस वाचवतात.