बद्रला न गेलेल्याचा वाटा

सतरावा रोजा आला की मशिदीतल्या बयानात बद्रच्या लढाईचा विषय निघतोच. हिजरी सन २, म्हणजे इ. स. ६२४. मदीनेहून निघालेले सुमारे ३१३ जण तिपटीने मोठ्या सैन्यापुढे उभे राहिले आणि जिंकले. हजरत उस्मान (र.) मात्र त्यांच्यात नव्हते. त्यांच्या पत्नी, प्रेषितांच्या कन्या हजरत रुकय्या (र.) आजारी होत्या. पत्नीजवळच थांबा, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः त्यांना सांगितलं होतं. रुकय्या त्या आजारातून उठल्या नाहीत. पण लढाईत मिळालेल्या मालाची वाटणी झाली, तेव्हा रणांगणावर पाऊलही न ठेवलेल्या उस्मानांचा वाटा लढणाऱ्यांच्या बरोबरीने काढला गेला.

त्यांना शाबासकी देऊन भागवलं नाही. आणि शुश्रूषा करणारा पुरुष होता, हे बयानात जरा ठासून सांगायला हवं. आईबापांच्या सेवेत असताना दारी आलेल्या विठ्ठलाला विटेवर थांबवणारा पुंडलिकही मुलगाच. घराघरांतलं चित्र वेगळं आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात, पुरुष २१.४ टक्के. करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सुमारे १४० मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ७४. यात मुलांचं करणंही धरलेलं आहे.

ही झाली सरासरी. पक्षाघाताने पडलेल्या सासऱ्यांचं करणाऱ्या सुनेचा रमजान मिनिटांत मावत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. लघवीची पिशवी रिकामी करायची, नळीतून पातळ अन्न द्यायचं, ओलं अंथरूण बदलायचं. त्यात पहाटे सहेरीचा स्वयंपाक, संध्याकाळी इफ्तारची गडबड, आणि रोजा तिलाही असतोच. बाकीचे तरावीहच्या नमाजला गेले की घरात ती आणि सासरे. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे. बरं होण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. त्याला फिदिया म्हणतात. तीस दिवसांचा तो हिशेब घरात बसून नीट केला जातो. तिच्या बुडालेल्या झोपेचा हिशेब कोण करणार?

पैशाचंही तसंच. आईचं करण्यासाठी लेकीनं शिलाईकाम सोडलेलं असतं. पुण्यातला किंवा दुबईतला भाऊ औषधांचे पैसे न चुकता पाठवतो. बहिणीच्या गेलेल्या कमाईचं नावही निघत नाही. जकात आईवडिलांना देता येत नाही, कारण त्यांचा खर्च मुलांच्याच अंगावर असतो. गरजू बहिणीला देता येते, आणि नात्यात दिलेल्या दानाचं पुण्य दुप्पट मानलं आहे. तरी तिच्या कष्टाचे पैसे जकातीच्या खात्यात घालू नयेत. तो तिचा वाटा आहे, तो भावांनी आपल्या कमाईतून काढावा.

सरकारदरबारी शब्द तरी आला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाच्या व्याख्येत मोबदला न घेणारे कुटुंबीयही येतात, आणि ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये ठरवले. त्यात महिन्याचे डायपरही येत नाहीत.

शेजाऱ्यांना यापेक्षा जास्त करता येतं. इफ्तारच्या सुमारास फळं घेऊन भेटायला येणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्यासाठी सरबत करायला तीच उठते. त्याऐवजी दुपारी दोन तास कुणी रुग्णापाशी बसावं. ज्यांना रोजा नाही, अशा शेजारणीला ही वेळ जास्त सोपी. कूस कशी बदलायची, नळी कशी सांभाळायची, हे दवाखान्यातल्या परिचारिकेकडून एकदा शिकून घ्यावं. आणि सुनेला सांगावं, दार लावून घे नि झोप.