फिरंग : मूठ आपली, पाते परके

तलवार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते बाकदार पाते. शाळेच्या नाटकासाठी पुठ्ठ्याची तलवार कापायची, तरी आपण ती वाकडीच कापतो! पण मराठी घोडेस्वारांची एक आवडती तलवार चांगली सरळ होती. तिचे नाव फिरंग. फिरंग म्हणजे फिरंग्यांकडून आलेली. नावातच सारी हकिगत आली.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून जो माल पश्चिम किनाऱ्यावर उतरे, त्यात तलवारीची पातीही असत. नुसती पाती, बरं का. मुठी इथल्या कारागिरांनी बसवायच्या. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेन गावची आणि इटलीतली पातीही येऊ लागली.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे काय लोहार नव्हते? होते, आणि असे होते की त्यांच्या पोलादासाठी परदेशचे व्यापारी इथे येत. तेलंगणातल्या कोनसमुद्रम गावी मातीच्या मुशीत लोखंड घालून, ती बंद करून भट्टीत तापवीत. त्यातून पोलादाचा लहानसा गोळा निघे. हे गोळे विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसणाऱ्या तलवारी अशाच पोलादाच्या. विजेच्या शोधांमुळे प्रसिद्ध झालेला मायकेल फॅरडे हा शास्त्रज्ञही १८१९ च्या सुमारास या हिंदी पोलादाचे गूढ उकलीत बसला होता.

म्हणजे गंमत पाहा. आपले पोलाद बाहेर जात होते आणि बाहेरची पाती आपल्याकडे येत होती! याचे कारण धातूच्या गुणात आहे. मुशीतले पोलाद अतिशय कठीण. धार अप्रतिम लागते, पण वाकवू गेले तर तुटण्याची भीती. बाकदार तलवार ओढून कापते, तिला ही धार शोभते. लांब, सरळ पात्याला मात्र वाकून पुन्हा सरळ होण्याची लवचीकता हवी. युरोपातले कारागीर पात्याला पाणी असे देत, की हा गुण त्यात उतरे. घोड्यावरून दूरच्या शत्रूपर्यंत पोचायचे, प्रसंगी भोसकायचे, तर असेच पाते हवे.

पण परक्या पात्यावर आपल्या लोकांनी आंधळा विश्वास टाकला नाही. मुठीपासून थोडे वरपर्यंत त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या ठोकून त्याला बळकटी दिली. बोटांवर रुंद पत्र्याचे संरक्षण आले. मुठीच्या शेवटी एक दांडी काढली; दोन्ही हातांनी वार करायचा झाला तर दुसरा हात तिथे धरायचा. ही मूठ मूळची खांडा या आपल्या जुन्या, रुंद पात्याच्या तलवारीची. पट्ट्याची तऱ्हा तर त्याहून निराळी : कोपरापर्यंत लोखंडी हातमोजा आणि त्यातून निघालेले लांब, लवलवते पाते. पट्टा फिरवायला मनगट वळत नाही, सारा हात फिरवावा लागतो. म्हणून तो शिकायला कठीण.

अशी एक फिरंग अलीकडेच घरी परत आली. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची ती तलवार. बंगालवर स्वाऱ्या करून ओरिसा मिळवणारे हे सेनानी १७५५ साली वारले. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरचा खजिना लुटला. तलवार तेव्हाच गेली असावी, असा तर्क आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी ती लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. १८ ऑगस्टला ती मुंबईत पोचली.

पाते सरळ, एकधारी, युरोपातले. त्याच्या पाठीवर सोन्याची देवनागरी अक्षरे आहेत : श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग. पाते परदेशचे आहे हे सेनासाहेबांनी लपवले नाही. आपल्या नावाशेजारी ते सोन्यात लिहून घेतले.