ध्वनी मावळचा, नाव कुणाचे?

भोवतालच्या आवाजातून संगीत घडवणारे तंत्रज्ञान आता मोबाईलवर आले आहे. ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे वाढीव वास्तव, याचाच हा श्राव्य प्रकार. कानाला हेडफोन लावून माणूस रस्त्याने चालू लागतो. मोबाईलचा माईक पाऊस, गाडी, पावले असे सगळे टिपतो आणि आतला प्रोग्राम त्याच आवाजाला सूर-ताल जोडून तो पुन्हा कानात सोडतो. 2008 साली लंडनच्या एका कंपनीने ‘आरजेडीजे’ नावाचे असे ॲप काढले. 2010 मध्ये ‘इन्सेप्शन’ चित्रपटाच्या संगीतावर बेतलेले दुसरे ॲप आले. ही ॲप्स पुढे बंद पडली, पण कल्पना टिकून राहिली. या कल्पनेचे मूळ सांगताना पिएर शेफर या फ्रेंच अभियंत्याचे नाव घेतले जाते. त्याने 1948 साली पॅरिसमध्ये आगगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांची रचना रेडिओवर ऐकवली. शेफरचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण कामाच्या आवाजातून गाणे काढण्याची रीत त्याच्यापासून सुरू झाली, असे मात्र कुणी समजू नये.

आपल्या मावळचेच पाहा. पहाटे दळायला बसलेल्या बाईच्या हाताखाली जाते घरघरत असे. त्या घरघरीचा सूर धरून आणि खुंट्याच्या फेऱ्याची लय घेऊन ती ओवी रचत असे. तंबोरा नाही, तबला नाही, गुरू नाही. दगडावर दगड घासल्याचा आवाज हेच तिचे वाद्य. भातलावणीच्या चिखलातही तेच घडे. ज्या आवाजाला उच्चवर्णीयांच्या संगीतशास्त्राने कधी आवाज मानले नाही, त्यातून या बायांनी आपले सुखदुःख बांधले.

1980 च्या दशकात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांतून या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल या संगीताच्या संगणकीय अभ्यासकाची साथ मिळाली आणि ध्वनिमुद्रणही झाले. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. 2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या ओव्या जगापुढे आणत आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यातल्याच. या कामाचे मोठेपण आकड्यात नाही. गाणारणीचे नाव आणि गाव ओवीसोबत नोंदवले गेले, हे त्याचे खरे मोठेपण. ‘लोकसाहित्य’ म्हटले की कर्ता पुसून टाकायचा, ही विद्वानांची जुनी खोड इथे मोडली गेली.

आता प्रश्न पुढचा. लोणावळा-खंडाळा म्हणजे पर्यटकांची जत्रा. उद्या कुणी कंपनी येईल आणि ‘मावळचे ध्वनिसंगीत’ म्हणून ॲप काढेल. त्यात धबधबा असेल, पाऊस असेल, घाटात चढणाऱ्या गाडीचा खडखडाट असेल. पण 1863 साली खुला झालेला हा रेल्वेचा भोरघाट बांधताना रोगराईने आणि अपघाताने हजारो मजूर मेले, हे त्यात ऐकू येईल काय? हलगीचा ताल येईल, पण ती वाजवण्याची सक्ती गावाने कुणावर लादली होती आणि बाबासाहेबांच्या हाकेनंतर कितीजणांनी ती हीन कामे झुगारली, हे येईल काय? आवाज घ्यायचा आणि माणूस गाळायचा, हा आपल्या देशातला जुना धंदा आहे. नव्या यंत्राने तो आपोआप बंद होईल, असे समजणे भोळेपणाचे ठरेल.

हे टाळायचे कसे, याचे उत्तर मावळच्याच डोंगरात कोरलेले आहे. भाजे येथील विहारात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे एक शिल्प आहे. त्यात एक बाई नाचते आहे आणि दुसरी चर्मवाद्यांची जोडी वाजवते आहे. म्हणजे बौद्ध शिल्पकाराला वाजवणारी बाई दगडात कोरण्याजोगी वाटली. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 45 मीटर लांब आहे. तिथे काढलेला शब्द दगडी छताखाली घुमत राहतो. आणि तिथल्या ब्राह्मी लेखांत नावे कुणाची आहेत? वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त आहे, आणि दार घडवणारा सामी नावाचा सुतारही आहे. धनिकाच्या नावासोबत कारागिराचे नाव त्याच दगडावर. श्रमाला नाव देण्याची ही श्रमण परंपरा आहे. याच मावळ पट्ट्यात देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेव्हा हा तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला.

म्हणून नव्या तंत्रज्ञानापासून दूर पळण्याचे काहीच कारण नाही. उलट आपल्या शिकलेल्या पोरांनी ते हातात घ्यावे. कार्ल्याच्या पायऱ्या चढणाऱ्याच्या कानात सुताराचे नाव पडावे, भाज्याच्या शिल्पापुढे उभे राहिल्यावर ताल ऐकू यावा, मावळच्या वस्तीतून जाताना त्याच वस्तीतल्या बाईची ओवी तिच्या नावासह ऐकू यावी. हे करणे आज अवघड राहिलेले नाही. ठिकाण ओळखणारा मोबाईल बहुतेकांच्या खिशात आहे.

अवघड आहे ते आवाज मिळवणे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती अंगणात उपडी पडली. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या आज्या थकल्या आहेत. तेव्हा कंपनीची वाट कशाला पाहायची? आपल्या आजीजवळ बसा, तिची परवानगी घ्या, मोबाईलवर रेकॉर्डिंग करा आणि त्यासोबत तिचे पूर्ण नाव, गाव, साल लिहून ठेवा. त्या आवाजातून उद्या कुणी कमाई केली तर तिचा वाटा तिच्या घरी आला पाहिजे, हेही आजच ठरवा. कार्ल्याच्या सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ते कुणीतरी कोरून ठेवले म्हणून.